जातीचा दावा कागदावर उभा राहतो: व्हॅलिडिटीची तयारी, दक्षता चौकशी आणि हायकोर्ट

जातीचा दाखला मिळाला की आरक्षणाचं काम झालं, असा समज अजून घराघरांत आहे. महाराष्ट्रात तसं नाही. प्रांत ऑफिसमधून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, मिळालेला दाखला हा तुमचा दावा असतो. जात पडताळणी समिती तो तपासते, वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी देते, आणि मग तो दावा पक्का होतो. या दोन कागदांच्या मधल्या वाटेवर मेडिकल-इंजिनीअरिंगच्या सीट जातात, सरपंचपदं जातात, वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेली माणसं निवृत्तीच्या तोंडावर कोर्टात उभी राहतात. त्यातले सगळे खोटे नसतात. खऱ्या जातीची, खऱ्या जमातीची कुटुंबंही इनव्हॅलिड ठरतात, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. अशी बरीचशी प्रकरणं समितीसमोर नव्हे, तर अर्ज भरण्याच्या आधीच हरलेली असतात. आजोबा-पणजोबांचा कागद शोधायला कोणी गेलेलंच नसतं. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा शोधाशोधीला दिली आहे.

आधी कायदा कुठे उभा आहे ते समजून घ्या

पाया घातला तो सर्वोच्च न्यायालयाच्या कुमारी माधुरी पाटील निकालाने, २ सप्टेंबर १९९४ रोजी. मुंबईतल्या दोन बहिणींचा 'महादेव कोळी' जमातीचा दावा होता. वडिलांच्या जुन्या शाळेतल्या नोंदीत 'हिंदू कोळी' निघालं आणि दावा टिकला नाही. त्या निकालात न्यायालयाने पडताळणी समिती, पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालचं दक्षता पथक, कारणे दाखवा नोटीस, सुनावणी अशी पद्धत घालून दिली. महाराष्ट्राने पुढे तिचा स्वतंत्र कायदा केला. त्याला आपण २००० चा जात पडताळणी कायदा म्हणतो. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. अनुसूचित जमातींसाठी २००३ चे नियम आहेत. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी २०१२ चे.

या कायद्यातलं कलम ८ प्रत्येक अर्जदाराने पाठ करावं. जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. 'मी नाही असं तुम्ही दाखवा' हा युक्तिवाद समितीसमोर चालत नाही. कलम १० नुसार दावा खोटा ठरला की प्रवेश आणि नोकरी जाते, मिळवलेली पदवी रद्द होते, घेतलेली शिष्यवृत्ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. कलम ११ मध्ये सहा महिने ते दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. पूर्वी न्यायालयं सहानुभूतीने नोकरी वाचवत. २००० सालच्या मिलिंद प्रकरणात हलबा-कोष्टी वादात दावा फेटाळला गेला, तरी त्या विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी वाचवली गेली. ६ जुलै २०१७ च्या जगदीश बहिरा निकालाने तो मार्ग जवळजवळ बंद केला: दावा अवैध तर लाभही गेला, किती वर्षं नोकरी झाली याला अर्थ नाही. तेव्हा 'आधी नोकरीला लागू, व्हॅलिडिटीचं नंतर बघू' हा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका.

यादीतलं नाव आणि तुमच्या कागदावरचं नाव

पहिलं काम घरबसल्या होतं. तुमची जात किंवा जमात ज्या यादीत आहे ती यादी काढा आणि नोंद अक्षर न् अक्षर वाचा. अनुसूचित जाती-जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. त्यात काय अभिप्रेत होतं याचा पुरावा देऊन यादी ताणता येत नाही, हे मिलिंद निकालाने स्पष्ट केलं. यादीत जे लिहिलं आहे तेच.

महाराष्ट्रातले सगळ्यात चिवट वाद नावांच्या साधर्म्यातून आले आहेत. 'हलबा' ही अनुसूचित जमात, 'कोष्टी' विशेष मागास प्रवर्गात. 'कोळी महादेव' जमात, नुसता 'कोळी' वेगळा. 'ठाकूर' ही जमात आहे आणि त्याच नावाने ओळखले जाणारे दुसरे समाजही आहेत. 'मन्नेरवारलू' आणि 'मुन्नूरवार' यांत एका कारकुनाच्या हाताने गल्लत होऊ शकते. विदर्भातल्या गोवारी समाजाने तर या साधर्म्याची फार मोठी किंमत मोजली. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात हक्कासाठी निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. पुढे २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'गोवारी' म्हणजे 'गोंड गोवारी' नव्हेत, असा निर्णय दिला. ज्यांच्या नोंदी 'गोवारी' आहेत त्यांनी हे माहीत असूनच पुढचं पाऊल टाकायचं आहे.

ओबीसींनी आणखी एक गोष्ट बघावी. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगवेगळ्या आहेत. राज्यात चालणारा दाखला केंद्राच्या नोकरीत चालेलच असं नाही, आणि केंद्राचा नमुनाही वेगळा असतो. नॉन-क्रिमिलेअर हा तिसराच कागद. तो उत्पन्नाशी जोडलेला आहे, मुदतीचा आहे, आणि त्याने जात सिद्ध होत नाही. एससी-एसटीला तो लागत नाही.

चार तारखा

प्रत्येक प्रवर्गाला एक मानीव दिनांक आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेला तुमचं कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं आणि त्या जातीचं होतं, असं दाखवणारा कागद शोधायचा. तारखेआधीचा जितका जुना, तितकं त्याचं वजन जास्त. २०११ च्या आनंद निकालात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाआधीच्या कागदांना अधिक पुरावामूल्य दिलं, कारण त्या काळी आरक्षणाचा लाभ नव्हता आणि खोटं लिहून घेण्याचं कारणही नव्हतं.

जुना कागद नाहीच, असं असेल तर? त्याच आनंद निकालात म्हटलं आहे की घरातली पहिलीच पिढी शाळेत गेली असेल तर केवळ कागद नाही म्हणून दावा फेटाळू नये. भूमिहीन, फिरस्त्या, पालावर राहिलेल्या कुटुंबांसाठी हे वाक्य मोलाचं आहे. पण त्याचा आधार घ्यायचा तर 'शोधलं आणि मिळालं नाही' याचा पुरावा हवा. शाळेकडून, तहसीलकडून 'नोंद आढळून येत नाही' असं लेखी घ्या. तोंडी 'नाही मिळत' यावर घरी परतू नका; नकलेचा अर्ज द्या, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा.

कागद कुठे आणि कसे शोधायचे

सुरुवात वडिलांच्या बाजूने. वडील, आजोबा, पणजोबा, सख्खे-चुलत काका, आत्या, चुलत आजोबा. या कामात रक्तनातं म्हणजे वडिलांकडचं. काकाच्या कागदाने पुतण्याचं काम होतं, पण मामाच्या कागदाने भाच्याचं सहसा होत नाही, हे लोकांना फार उशिरा समजतं.

शाळा ही पहिली जागा. नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही. मूळ जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. विदर्भात याच रजिस्टरला दाखल-खारीज म्हणतात. गावची शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेलेलं असतं. आजोबा शिकले नसतील तर त्यांच्या भावांपैकी कोणी एक-दोन इयत्ता तरी शाळेत बसला होता का, ते भावकीत विचारा. असा एक चुलत आजोबा अख्ख्या घराण्याचं काम करून जातो.

दुसरी जागा तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम. तिथे गाव नमुना १४ असतो, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल तो नोंदवत असे, आणि त्यात जातीचा रकाना असे. ही नोंद वाचणं ही एक कलाच आहे. बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. 'तुका बिन गणू, मुलगा झाला, जात अमुक' एवढंच. आडनाव नाही. आता हा मुलगा म्हणजेच आपले आजोबा, हे कसं दाखवायचं? तुकाला एकूण किती मुलं झाली त्या सगळ्या नोंदी काढायच्या, त्यांचा क्रम लावायचा, शाळेतल्या जन्मतारखेशी ताडून बघायचा. इथे एक खाच आहे. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळा सुरू होताना अंदाजाने ती टाकली. कोतवाल बुकातली तारीख खरी आणि शाळेतली अंदाजाची, असा फरक निघाला तर घाबरू नका, तो लपवूही नका. प्रतिज्ञापत्रात तो स्वतःहून समजावून सांगा. समितीने शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलं की त्याचं गांभीर्य निम्मं होतं.

तिसरी जागा जमिनीचे कागद: हक्क नोंद, फेरफार, वारस नोंदी, जुने सातबारा, कुळ नोंदवही, पाहणी पत्रकं. यात जात कधी असते, कधी नसते. पण जात नसली तरी हे कागद फेकू नका. बापाच्या मृत्यूनंतर कोणाकोणाची नावं लागली हे वारस फेरफारात स्पष्ट असतं, आणि वंशावळ सिद्ध करायला याच्यासारखा पुरावा दुसरा नाही. शाळेच्या उताऱ्यावर जात मिळते, फेरफारात नातं मिळतं. दोन्ही जोडले की दावा उभा.

मराठवाड्याचं प्रकरण वेगळं. तिथे निजामी राजवटीतले कागद उर्दूत आहेत आणि साल फसली असतं. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतं. ५० च्या दशकातलं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची गावनिहाय नोंद, तिथे बऱ्याच कुटुंबांना उपयोगी पडतं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुनं दप्तर मोडीत आहे. मोडी किंवा उर्दू कागद जाणकाराकडून लिप्यंतर आणि भाषांतर करून प्रमाणित करून घ्यावा लागतो. मोडी येणाऱ्या शेजाऱ्याने वाचून दिलेलं चालत नाही. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या निमित्ताने ठिकठिकाणच्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. कुणबी दावा करणाऱ्यांनी तहसीलला जाण्याआधी त्या चाळाव्यात. मात्र गावात कुणबी नोंद सापडली म्हणजे आपली झाली असं नाही. ती आपल्या पूर्वजाची आहे, हे दाखवणारी वंशावळ लागतेच.

खाडाखोडीबद्दल एकदा नीट बोलायला हवं. जुन्या रजिस्टरात 'कोळी' शब्दाच्या आधी अरुंद जागेत, वेगळ्या शाईने, वेगळ्या वळणाने 'महादेव' घुसवलेला असतो. दक्षता पथक मूळ रजिस्टर मागवतं आणि आजूबाजूच्या नोंदींशी अक्षर ताडून बघतं. असा एक कागद फाईलमध्ये असला की बाकीचे खरे कागदही संशयाखाली येतात, आणि त्याची झळ भावकीतल्या सगळ्या मुलांना बसते. एजंट 'मी करून देतो' म्हणाला तर तिथून उठून या.

वंशावळ: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

वंशावळ म्हणजे मूळ पुरुषापासून अर्जदारापर्यंतचा वृक्ष, प्रतिज्ञापत्रावर (जमाती सोडून बाकी प्रवर्गांसाठी नमुना ३). मूळ पुरुष असा निवडा की ज्याच्या नावाचा कागद तुमच्याकडे आहे. उगाच सात पिढ्या वर जाऊन उपयोग नाही. सर्व शाखा लिहा, बहिणी आणि आत्यासुद्धा. ज्यांना व्हॅलिडिटी मिळाली आहे त्यांच्या नावापुढे तसं लिहा.

आणि ज्यांचा दावा अवैध ठरला आहे त्यांच्याही नावापुढे लिहा. हे लोक टाळतात आणि इथेच फसतात. काकांचं प्रकरण इनव्हॅलिड झालेलं असताना त्यांना वृक्षातून वगळून व्हॅलिडिटी घेतली, तर ती पुढे 'माहिती दडवून मिळवली' या कारणावर तुटू शकते. काकांचा दावा का फेटाळला होता, तेव्हा कोणते कागद समोर नव्हते, आज कोणते आहेत, हे मांडणं हाच टिकणारा रस्ता आहे.

नावातला फरक हा वंशावळीतला नेहमीचा त्रास. गणू, गणपत, गणपतराव हे एकच. आडनाव आधी नव्हतं, मग धंद्यावरून पडलं, मग शहरात आल्यावर गावावरून '-कर' झालं. प्रत्येक बदलासाठी एक जोडकागद शोधा. तोही नसेल तर प्रतिज्ञापत्र, भावकीतल्या वडीलधाऱ्यांचे जबाब आणि पोलीस पाटलाचा दाखला. पण हे सगळे दुय्यम पुरावे आहेत, एवढं लक्षात ठेवा.

दाखला आणि मग पडताळणीचा अर्ज

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करायचा. मानीव दिनांकाला कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या प्रांताकडे जायचं असतं. आज पुण्यात राहत असाल आणि आजोबा बीडच्या गावात होते, तर दाखला बीडकडचा. प्रांतांनी नकार दिला तर आदेश लेखी घ्या; कलम ५ नुसार तीस दिवसांत अपील करता येतं.

पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरला जातो. जमाती सोडून बाकी प्रवर्गांसाठी बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या) संकेतस्थळावरून जिल्हा समितीकडे जायचं. जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत आणि त्या आदिवासी विकास विभागाच्या अंतर्गत येतात. विद्यार्थ्याला कॉलेजचं पत्र, नोकरदाराला कार्यालयाचं पत्र, उमेदवाराला निवडणुकीचा कागद लागतो. सोबत प्रतिज्ञापत्रं; जमाती सोडून बाकी प्रवर्गांसाठी ती नमुना ३ आणि नमुना १७ ची. दाखल केलेल्या संपूर्ण संचाची एक प्रत पानं क्रमांकित करून घरी ठेवा. पुढे कोर्टात जावं लागलं तर ही प्रतच कामी येते.

मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेली की त्याच वर्षी अर्ज करा. प्रवेशाच्या वेळी अर्जाच्या पोचपावतीवर सीट मिळते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत व्हॅलिडिटी आली नाही तर ती जाते. मुदतवाढ सरकार अनेकदा देतं, त्या भरवशावर राहू नका. निवडून आलेल्यांसाठी मुदत अधिकच कडक आहे: मूळ कायद्यात सहा महिने, पुढे वेळोवेळी वाढवलेली, ती चुकली तर पद जातं. फॉर्म भरण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून चालू मुदत विचारून घ्या.

घरात व्हॅलिडिटी असेल तर

वडील किंवा वडिलांकडच्या सख्ख्या रक्तनात्यात कोणाला व्हॅलिडिटी असेल तर अर्धी लढाई झाली. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात हे म्हटलं होतं. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती प्रकरणात ते नेमकं मांडलं. समितीने दोन गोष्टी बघायच्या: नातं खरं आहे का, आणि ती आधीची व्हॅलिडिटी योग्य चौकशी करून दिली होती का. दोन्ही बरोबर असतील तर अर्जदाराला ती मिळायला हवी.

म्हणून नुसती काकांच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स जोडू नका. त्यांच्या प्रकरणातला समितीचा आदेश आणि दक्षता अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मिळवा. 'चौकशी होऊन दिली' हे त्यातूनच दिसतं.

दक्षता पथक दारात येतं तेव्हा

२०२३ च्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक प्रकरण डोळे झाकून दक्षता पथकाकडे पाठवायचं नाही. समितीचं कागदांवर समाधान झालं नाही तरच पाठवायचं, आणि का झालं नाही याची थोडक्यात कारणं नोंदवायची. फाईल पाहायला मागा आणि ती कारणं आहेत का ते बघा.

पथक घरी येतं, मूळ गावी जातं, शाळेतली रजिस्टरं तपासतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आणि जातीतल्या जाणत्यांचे जबाब घेतं. जमातीच्या दाव्यात ॲफिनिटी टेस्टही असते, म्हणजे जमातीच्या चालीरीतींशी तुमचं नातं तपासणं: कुलदैवत कोणतं, लग्नात कोणते विधी, मयतानंतर काय करता, बोलीतले शब्द, सण, पंच. इथे मुंबई-पुण्यात वाढलेली मुलं गांगरतात आणि इंटरनेटवर वाचलेली उत्तरं पाठ म्हणतात. असं करू नका. जे घरात होतं ते सांगा, जे माहीत नाही ते 'माहीत नाही, आजी सांगेल' म्हणा आणि आजीचा जबाब घ्यायला लावा. आनंद निकालात म्हटलं आहे की स्थलांतर आणि आधुनिक राहणीमुळे जुन्या खुणा पुसल्या जातात. २०२३ च्या निकालाने तर ॲफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी नाही, एकूण तपासातला एक भाग आहे, असं स्पष्टच सांगितलं.

जबाबाखाली सही करण्याआधी तो वाचून घ्या. वडिलांना वाचता येत नसेल तर त्यांना तो वाचून दाखवा. जबाबात 'आम्ही पूर्वीपासून अमुक गावचे' याऐवजी 'बाहेरून आलो' एवढं एक वाक्य पडलं तर ते पुढे वर्षानुवर्षं छळतं.

ठाकूर, महादेव कोळी यांसारख्या जमातींच्या बाबतीत एक जुना मुद्दा अजून निघतो: 'तुमचं गाव जमातीच्या मूळ क्षेत्रात नाही.' पूर्वी यादीत काही जमातींना ठरावीक तालुक्यांचीच मर्यादा होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ती काढली. गाव त्या तालुक्यात नाही एवढ्याच कारणावर दावा जात नाही. अहवालात हा मुद्दा आला तर उत्तरात या दुरुस्तीचा उल्लेख करायलाच हवा.

नोटीस आणि सुनावणी

अहवाल विरोधात गेला तर कारणे दाखवा नोटीस येते आणि सोबत अहवालाची प्रत मिळायला हवी. नसेल तर त्याच दिवशी लेखी मागा. उत्तर मुद्द्याला मुद्दा असं द्या. अहवालात विरोधी नोंद जी दाखवली आहे ती माणसं खरोखर तुमची नातेवाईक आहेत का, हे आधी तपासा. एकाच आडनावाच्या दुसऱ्या घराण्याची शाळेतली नोंद तुमच्या माथी मारली जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ती खोडायला वंशावळच लागते. प्रत्येक तारखेला हजर राहा. येता येत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शेवटी सगळं लेखी युक्तिवादात मांडून दाखल करा, कारण हायकोर्ट कागद वाचणार आहे, तुम्ही तोंडी काय म्हणालात ते तिथे दिसत नाही.

काही घरांचे वेगळे प्रश्न

लग्नाने स्त्रीची जात बदलत नाही. विवाहितेने माहेरच्या नावाने, वडिलांकडचे कागद घेऊन दावा करायचा आणि नाव बदलल्याचा पुरावा, म्हणजे राजपत्र किंवा विवाह नोंदणी, जोडायची. आंतरजातीय विवाहातल्या अपत्याची जात वडिलांची धरली जाते, पण ते गृहीतक अंतिम नाही. आईने आपल्या समाजात वाढवलं आणि मुलाने तेच चटके सोसले, हे दाखवता आलं तर आईची जात मिळू शकते, असं २०१२ च्या रमेशभाई नाईका निकालात आहे. पुरावा मात्र भक्कम लागतो.

बौद्ध कुटुंबांत आजोबांच्या शाळेत 'महार' आणि वडिलांच्या शाळेत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असं सापडतं. यात विसंगती नाही. १९५६ च्या धर्मांतराचा तो माग आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान आहे. धर्मांतराआधीची जात दाखवणारा जुना उतारा जोडला की प्रश्न मिटतो.

दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना महाराष्ट्राच्या आरक्षणाचा लाभ सहसा मिळत नाही, जात दोन्हीकडच्या यादीत असली तरी. यादी राज्यागणिक वेगळी असते: गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात ओबीसीत. सिंधुदुर्ग-गोव्याच्या सीमेवर सोयरीक असलेल्या घरांनी मानीव दिनांकाला आपलं कुटुंब कोणत्या बाजूला होतं, हे आधी ठरवून घ्यावं.

दावा फेटाळला तर

समितीच्या आदेशावर दुसरं अपील नाही. कलम ७ नुसार थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांनाही जवळ जाता येतं. आदेश हातात पडताच प्रमाणित प्रत मागा आणि उशीर करू नका. नोकरी किंवा सीट काढून घेण्याची कारवाई लगेच सुरू होते, आणि अंतरिम दिलासा त्याआधी मागावा लागतो. समिती निर्णयच देत नसेल आणि प्रवेशाची मुदत जवळ आली असेल, तर लवकर निकाल द्यावा एवढ्या मागणीसाठीही याचिका करता येते. विद्यार्थी ती दरवर्षी करतात.

रिटमध्ये कोर्ट पुरावा पुन्हा नव्याने तोलत नाही, हे वकिलाने सांगितलं नसेल तर मी सांगतो. अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा यांच्या 'मोची' दाखल्याचं प्रकरण आठवा. समितीने वैध ठरवलं, उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केलं, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचा आदेश कायम ठेवला. पुराव्यावर समितीने काढलेल्या निष्कर्षात रिटमध्ये अशी ढवळाढवळ करायला नको होती, असं त्यात म्हटलं. म्हणजे समितीसमोर जो कागद ठेवला नाही तो हायकोर्टात चमत्कार करेल, ही आशा धरू नका. याचिकेत दाखवायचं ते हे: समितीने अमुक जुनी नोंद विचारातच घेतली नाही, नात्यातल्या व्हॅलिडिटीकडे दुर्लक्ष केलं, ॲफिनिटीच्या एकट्या कारणावर दावा फेटाळला, अहवालाची प्रत न देता सुनावणी उरकली. यातलं एक जरी फाईलमधून दिसलं तर प्रकरण पुन्हा समितीकडे जातं, कधी थेट व्हॅलिडिटीचा आदेश होतो.

व्हॅलिडिटी हातात आली की त्यावरचं नाव, जात आणि प्रवर्ग त्याच दिवशी तपासा. शुद्धलेखनाची चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या. मग समितीचा आदेश, दक्षता अहवाल आणि सगळे उतारे यांच्या प्रमाणित प्रती काढून एक संच घरी आणि एक भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवा. धाकट्या भावंडांचे आणि चुलत भावंडांचे अर्ज याच संचावर लगेच दाखल करा, शाळेचं मूळ रजिस्टर अजून जागेवर आहे तोवर.